बोट एकीकडे, चूक भलतीकडे

चूक शोधून काढण्यापेक्षा ती कुणाची हे ठरवणं आपल्याकडे सोपं समजतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशा म्हणींचा आपल्या भाषेत तुटवडा नाही तो म्हणूनच. या म्हणी रचणाऱ्यांनी संगणक तेवढा पाहिला नव्हता. पाहिला असता तर आणखी एक म्हण पदरात पडली असती.

आमचा एक भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असतो. असतो म्हणजे सुट्टीतही तिथेच असतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे गोंदिया जिल्ह्यात बोदलकशाला गेलो. तिरोड्याजवळचा हा १९१७ सालचा तलाव. भोवती डोंगर, झाडी आणि पाण्यावर पाखरं. आम्ही पाखरं पाहत होतो आणि भाचा पाळीवर बसून मांडीवरचा लॅपटॉप पाहत होता. मधूनच त्याच्या साहेबांचा फोन येई. त्यांचा प्रोग्रॅम आदल्या रात्री कोसळला होता, आणि डिबगर नावाच्या तपासनिसाने ओळ क्रमांक २१२ कडे बोट दाखवलं होतं. ती ओळ एका नव्या मुलीची. तिचं प्रोबेशन संपायला आठवडा बाकी, आणि तिला घरी पाठवण्याचं पत्र साहेबांनी तयारच ठेवलेलं!

‘‘पण मामा, त्या ओळीत नुसती बेरीज आहे हो!’’ भाचा म्हणाला. ‘‘बेरजेने कुणी कोसळतं का?’’

तीस वर्षं हिशेबखात्यात काढल्यामुळे कोसळतं हे मला ठाऊक होतं. पण मी गप्प राहिलो.

शेजारी एक वयस्क शेतकरी बसले होते. काय हरवलं म्हणून त्यांनी चौकशी केली. ‘‘चूक हरवली,’’ मी म्हटलं. ‘‘यंत्र जागा दाखवतं, पण तिथे ती नाही.’’ धानाच्या बांध्या सांभाळण्यात जन्म गेलेला तो माणूस हसला. ‘‘पानी निंगते एकीकडं, भोक असते दुसरीकडं जी!’’

भाचा एकदम ताठ बसला. मग त्याने मला सगळं उलगडून सांगितलं. आपण लिहिलेला मजकूर यंत्राला कळत नाही. कंपायलर त्याच्या यंत्रभाषेतल्या आज्ञा बनवतो आणि सोबत एक तक्ता ठेवतो, की अमुक आज्ञा अमुक ओळीतून आली. कधी वेगासाठी कंपायलर आज्ञांचा क्रमच बदलतो. मग डिबगरचं बोट वरखाली उड्या मारतं. पण एरवी तो नंबर पाहून पत्र टाकणाऱ्या पोस्टमनसारखा. गल्लीच्या तोंडाशी तीन नवी घरं उठली आणि नंबर सरकले, की शेजाऱ्याचं पत्र तुमच्या दारात!

इथे तेच झालं होतं. कोसळलेला प्रोग्रॅम सोमवारच्या फायलीवरून बनलेला, आणि तपासाला उघडली ती गुरुवारची. मधल्या काळात साहेबांनी फायलीच्या माथ्यावर आपलं नाव, हुद्दा आणि तारीख अशा तीन ओळी घातल्या होत्या. या ओळी नुसत्या टिपा. यंत्र त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पण तेवढ्याने खरी २१२ आता २१५ वर जाऊन बसली होती. तिच्यात होता भागाकार, आणि शून्याने भागण्याची चोख सोय. लिहिणारे खुद्द साहेब.

गंमत म्हणजे जीडीबी हा त्यांचा डिबगर, १९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला, अशा वेळी ‘मजकूर प्रोग्रॅमपेक्षा नवा आहे’ असा इशारा देतो. त्यानेही तो दिला होता. पण इशारे वाचायचे कुणी?

सकाळी ‘‘कुणाची चूक?’’ म्हणून गरजणारे साहेब संध्याकाळी म्हणाले, ‘‘चूक कुणाची हे महत्त्वाचं नाही. आपण सगळे एक कुटुंब आहोत.’’ त्या मुलीची नोकरी पक्की झाली. आपण तीन ओळींच्या अंतरावरून वाचलो, हे तिला कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून कुणी कुणाकडे बोट दाखवलं, की त्याच्या हातातली प्रत कोणत्या वारची, हे विचारावंसं मला वाटतं. आमच्या सौभाग्यवतीचा माझ्याविषयीचा तक्ता लग्नाच्या वर्षीचा आहे. मध्ये माझ्यात पुष्कळ ओळी वाढल्या, असं मी तिला परोपरीने सांगतो.

ती म्हणते, ‘‘वाढल्या त्या नुसत्या टिपा. आज्ञा जुन्याच आहेत!’’