भिंतीतले पाणी

शाबान महिन्यातली गोष्ट. रात्री इशाच्या वेळी गच्चीवरची हजार लिटरची टाकी काठोकाठ भरून झोपायचे आणि पहाटे फजरला पाहावे तर ती बरीच उतरलेली. पाणीपट्टीचे बिलही दीडपट आले. घरात माणसे पाच. पाणी जाते कुठे? मी शोध लावला तो असा, की अम्मींच्या वजूमध्ये जाते.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. बेसिनचा कठडा एका हाताने धरून त्या वजू करतात, त्यामुळे नळ मध्येच बंद करणे त्यांना जमत नाही. पहाटे तहज्जुदलाही उठतात. मी एकदा तोल सांभाळत, शाळेत पोरांना सांगावी तशी, इब्ने माजामधली हदीस त्यांना ऐकवली. हजरत सअद (र.) वजू करत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) हा इसराफ कसला म्हणून विचारले, वजूतही इसराफ असतो का, असे सअद म्हणाले, तर वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी असतो, असे उत्तर मिळाले. अम्मी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या तांब्या घेऊन, पाटावर बसून वजू करू लागल्या. उठताना भिंतीचा आधार घ्यायच्या. मला ते दिसत होते. आणि टाकी तशीच उतरत होती.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शहराची पाणी उपसा केंद्रे बुडाली होती. कोल्हापूर पाण्याने वेढलेले आणि नळ मात्र कोरडे, टँकरपुढे रांगा. तेव्हा याच अम्मींनी एका घागरीत घरातल्या सगळ्यांच्या पाच वेळच्या वजूचे पाणी पुरवले होते. ते मला आठवायला हवे होते.

तांब्यानेही फरक पडेना, तेव्हा कुठे मी टाकी मोजायला घेतली. गच्चीवर टाकीतून दोन पाइप निघतात, एक स्वयंपाकघराचा, एक न्हाणीघराचा. दोन्हींना वेगळे कॉक आहेत. पहिल्या रात्री दोन्ही कॉक बंद केले आणि झाकणाच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून ठेवले. फजरला पुन्हा मोजले, फरक शून्य. म्हणजे टाकी शाबूत. दुसऱ्या रात्री फक्त स्वयंपाकघराचा कॉक उघडा ठेवला, तरी पाणी तेवढेच. तिसऱ्या रात्री फक्त न्हाणीघराचा. घरच्यांना बादल्या भरून दिल्या होत्या, नळाला कोणी हात लावायचा नाही असे बजावले होते. आठ तासांत पाणी दहा सेंटिमीटर उतरले. शिंप्याच्या टेपने टाकीचा घेर मोजला, 330 सेंटिमीटर. आठवीच्या वर्गात वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवतेच. गणित केले तर सुमारे 87 लिटर आले. एका वजूला लिटरभर पाणी धरले, तरी अम्मींचे दोन आठवड्यांचे वजू एका रात्रीत गेले होते, आणि तेही त्या झोपेत असताना!

फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकून पाहिला. भांड्यात रंगाचा थेंब उतरला नाही. मग रात्री दोन वाजता, सगळे शांत असताना, स्टीलचा पेला भिंतीला लावून कान दिला. गीझरच्या खाली, हातभर अंतरावर, बारीक सुसुसु आवाज येत होता. आमच्या बाजूला मात्र टाइल्स अगदी कोरड्या.

ती भिंत शेजारच्या काकूंची आणि आमची सामाईक आहे. सकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या कपाटामागे पोपडे धरले होते. पावसाळ्याची ओल असेल म्हणून त्या गप्प होत्या, पण पाऊस जाऊन चार महिने होत आले होते. शेजाऱ्याच्या हक्कावर गेल्याच महिन्यात मी मुलींपुढे अर्धा तास बोलले होते!

प्लंबरने दोन टाइल्स फोडल्या. जुना जीआय पाइप, आणि एल्बोच्या आट्यांपाशी गंजून सुईएवढे भोक. आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो, म्हणून पाइप गंजायला तिथूनच लागतो. पाणी पाइपच्या कडेकडेने खाली उतरून पलीकडच्या विटांत मुरत होते. प्लंबर म्हणाला, एल्बो बदलतो, तासाचे काम. पण बाकीचा पाइपही त्याच वयाचा. मी जुनी लाइन वरूनच तोडून बंद करायला लावली आणि सीपीव्हीसीची नवी लाइन भिंतीवरून उघडी घेतली. दिसायला बरी दिसत नाही, मुलगी अजून नाक मुरडते. पण पुढच्या वेळी पाणी गळाले तर डोळ्यांना दिसेल. सांधे चिकटवल्यावर रात्रभर पाणी सोडले नाही, आणि दोन दिवस वापरून पाहीपर्यंत टाइल्सही बसवू दिल्या नाहीत. काकूंची भिंत वाळल्यावर रंगाचा खर्च आम्ही दिला. नको नको म्हणत त्यांनी घेतला.

टाकी उतरायची थांबली त्या पहाटे मी अम्मींच्या खोलीत गेले. त्या पाटावर बसतच होत्या. मी तांब्या बाजूला ठेवला, आणि जे बोलायचे होते ते बोलले. सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहायला सांगितले आहे. मी इसराफची हदीस पाठ ठेवली आणि हे विसरले, असे काहीतरी. नीट बोलता आले नाही. अम्मींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तो अब नल से करूं क्या वजू?”

मी मान हलवली. त्या बेसिनपाशी गेल्या, एका हाताने कठडा धरला आणि नळ सोडला. मी मागे टॉवेल घेऊन उभी राहिले.