साठ किलोमीटर, चार दिवस

कमानिया गेटपाशी खोव्याची जिलबी खाताना मी बाबांना बेत सांगितला. फ्रान्समधला दिजॉं ते सांतने हा १९३७ सालचा वाइन-रस्ता. अंतर साठेक किलोमीटर, मुक्काम चार.

"एवढ्याला चार दिवस?" थेंबही न घेणारे बाबा हसले. आई गेल्यापासून ते गावाबाहेर पडलेले नाहीत, गुडघेही कुरकुरतात.

मग त्यांनी कमानीकडे पाहिलं. ती १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण. सुभाषबाबू तापाने फणफणलेले, म्हणून ५२ हत्तींच्या रथातून त्यांची तसबीर निघाली. आजीने ती मिरवणूक पाहिली होती. "हत्तींना कुठली घाई," ती म्हणायची.

"चार नको, पाच कर," बाबा म्हणाले.

सोबत येता का, हे मी अजून विचारलंच नव्हतं.