कळसाडीचा बांध आणि खंडोबाचा किडा

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीस पाहण्यासारखे काय, असे विचारणाऱ्यांस आमचे उत्तर ठरलेले आहे : शेताचा बांध. भाद्रपद-आश्विनात गवत गुडघाभर झाले की त्यावर प्रार्थनाकीटक, म्हणजेच खंडोबाचा किडा, शोधावा.

नाकतोडा आणि हा यांत पुष्कळांची गल्लत होते. नाकतोड्याचे मागचे पाय लांब व जाड, उडीसाठी घडलेले. याचे पुढचे पाय कोयत्यासारखे दुमडलेले आणि काटेरी. डोके त्रिकोणी असून ते वळवून तो थेट आपल्याकडे पाहतो. नाकतोडा गवत खातो, हा नाकतोड्यास खातो. जोडलेले हात पाहून त्यास भाविक समजण्यात अर्थ नाही. शिकारी म्हणून दोष देण्यातही नाही.

शोधण्यास घाई चालत नाही. कोवळ्या उन्हात पायवाटेवरच उभे राहावे. गवतात शिरू नये. पायाखाली काय येईल सांगता येत नाही, आणि चातुर्मासात तर मुळीच नये. हातभर जागा निवडून एकेक काडी बुडापासून शेंड्यापर्यंत न्याहाळावी. वारा थांबल्यावरही जी काडी डोलते, ती काडी नव्हे. चिमटीत कापसाचा धागा पारखणाऱ्या खानदेशी नजरेला हे जड जाऊ नये. भारतातील गवताळ भागांत आढळणारी शिझोसेफॅला बायकॉर्निस ही जात मात्र भल्याभल्यांना चकवते. वाळल्या काडीइतकी बारीक आणि लांब, डोळेही टोकदार. लिनियसने तिची नोंद १७५८ मध्येच केली आहे.

काडीला सुकलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा चिकटलेला दिसला तर खरवडू नये. त्यात अंडी असतात. मादीने सोडलेला फेस घट्ट होऊन त्यांचे रक्षण करतो. हल्ली बांध स्वच्छ दिसावा म्हणून तणनाशक फवारतात, नाहीतर पीक निघताच गवत पेटवून देतात. त्यात पुढची पिढीच नष्ट होते. हा कीटक मधमाशीलाही सोडत नाही, म्हणून शेतकऱ्याचा मित्र म्हणताना आम्ही थोडे जपूनच बोलतो. पण पिकावरील किडीही तो खातो, हे खरे.

ज्यांनी शेती वाट्याने दिली आहे, त्यांनी वाटेकऱ्याशी बोलून निदान एका बांधाचे गवत ज्येष्ठापर्यंत राहू द्यावे. अशा गोळ्यातून मुंगीएवढी पिले बारीक धाग्यांना लोंबकळत एकामागून एक बाहेर पडतात, आणि थोड्याच वेळात गवतभर पांगतात.