ओठ, बोट आणि सोयरीक

आमच्या लाखनीकडच्या गावात ओठावर फोड उठले म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नसे. ‘ताप निघाला, आता उतार पडते,’ असं म्हणत आजी त्यावर तूप लावायची. मला ते पहिल्यांदा आले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. हिरड्या सुजल्या, तोंडभर चट्टे पडले, पाणी गिळवेना. नखं कुरतडायची सवय होती, त्यामुळे तोंडातला संसर्ग उजव्या हाताच्या तर्जनीत शिरला. बोट टम्म फुगलं. सगळ्यांना ते नखुर्डं वाटलं आणि पू काढायचा म्हणून त्याला चीर दिली गेली. आत पू नव्हताच. ती चीर भरायला मात्र फार दिवस लागले, आणि तिचा वण अजून आहे.

हे फोड हर्पिस नावाच्या विषाणूचे, आणि हर्पिसचं बोट कापायचं नसतं. कापल्यानं विषाणू पसरतो आणि जखमेतून दुसरे जंतूही शिरतात. कोरडं ठेवून झाकलं तर दोन-तीन आठवड्यांत ते आपोआप बरं होतं. हे मला कळलं तेव्हा मी स्वतः कमावती झाले होते.

फोड जातात, विषाणू जात नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेनं मागे सरकतो. ओठाचा विषाणू कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढे असलेल्या चेतापेशींच्या गाठीत जाऊन राहतो, बोटाचा मानेच्या मणक्यांजवळ. ताप, कडक ऊन, जागरण, पाळी, मनाचा ताण, काहीही निमित्त होतं. आमच्या भंडाऱ्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, तेव्हा माझा ओठ आधी चुणचुणतो, दुसऱ्या दिवशी फोडांचा घोस उठतो, मग खपली. बोटाचं दुखणं बहुधा भाताच्या रोवण्याच्या दिवसांत उलटायचं. चिखलात वाकून परे लावणाऱ्या बायांच्या हातापायांना काही ना काही झालेलं असायचंच, त्यामुळे बांधीत माझ्या बोटाकडे कोणी पाहायचं नाही. लग्नाच्या पंगतीत मात्र सगळे पाहायचे. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाची भीती जुनी आहे. हातावर न जाणारं काही दिसलं की माणसं मनातल्या मनात तेच नाव घेतात. माझ्या हातचं पाणी एका बाईनं न पिता तसंच खाली ठेवलं होतं. कुष्ठरोगही औषधानं पूर्ण बरा होतो, पण तो आपल्याला नाही हे ओरडून सांगावंसं वाटणं, ही त्या रोगाच्या माणसांवरही अन्यायच करणारी गोष्ट होती. ते मला तेव्हाही टोचलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे दिवस येतात. दंडार असते, नाटक असतं, आणि पाहुण्यांच्या गर्दीत सोयरिकीही जुळतात. माझी अशीच एक जुळत आली होती. पाहुणे घरी आले त्या दिवशी ओठ नेमका फुटलेला. आई म्हणाली, ‘पोरी, ऊन लागलं म्हणून सांगजो.’ मी तसं सांगितलं नाही. लहानपणापासून येतं आणि येत राहील, असं सांगितलं. निरोप नकाराचा आला. वाईट वाटलं, पण सांगितल्याचं वाईट वाटलं नाही.

सांगण्याची सवय आमच्या भागाला नवी नाही. इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून आता कितीतरी घरांत सोयरिकीआधी रक्ततपासणीचं विचारतात. जी गोष्ट रक्ताची म्हणून बैठकीत बोलता येते, ती ओठाची झाली की दबक्या आवाजात का जाते?

नागपूरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला पहिल्यांदा हर्पिस हे नाव सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात हा पहिल्या प्रकारचा विषाणू आहे, म्हणजे जगभरात ३८० कोटी माणसं. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. चुणचुण सुरू होताच घ्यायची असायक्लोव्हिरची गोळी त्यांनीच लिहून दिली. हे औषध विषाणूच्याच एका विकरामुळे जागं होतं, म्हणून ते मुख्यतः बाधित पेशींतच काम करतं. ते घडवणाऱ्या चमूचं नेतृत्व गर्ट्रूड एलियन यांनी केलं. १९८८ च्या नोबेल मानकऱ्यांत त्या होत्या. त्यांचा नियोजित वर हृदयाच्या जंतुसंसर्गानं गेला, पेनिसिलिन लोकांच्या हाती येण्याआधी. त्यांनी नंतर लग्न केलं नाही. गोळी घेताना मला त्यांची आठवण येते.

पुढे सोबत काम करणाऱ्या एकाशी सूर जुळला. आम्ही संध्याकाळी खांब तलावाकडे फिरायला जायचो. हात हातात घेण्याआधीच मी त्यांना वण दाखवला आणि सगळं सांगितलं.

‘पूर्ण बरं होत नाही?’
‘नाही.’
‘मुलांना होतं?’
‘वारशानं नाही. मुका घेतल्यानं होऊ शकतं.’
‘म्हणजे फोड असताना जपायचं, एवढंच ना?’

एवढंच नव्हतं. फोड नसतानाही कधीकधी विषाणू लाळेतून बाहेर पडतो, आणि तोंडाच्या स्पर्शानं तो जननेंद्रियांवरही जाऊ शकतो. हे वाक्य उच्चारणं मला सगळ्यांत अवघड गेलं. आमच्याकडे बायकांच्या तोंडी असे शब्द शोभत नाहीत असं मानतात. ते गप्प राहिले. विचार करायला त्यांनी वेळ मागितला, आणि तो मागणं मला होकारापेक्षाही खरं वाटलं. आज आमचा संसार आहे. चुणचुण सुरू झाली की मी सांगते, माझा पेला-टॉवेल वेगळा होतो, खपली पूर्ण पडेपर्यंत जवळीक थांबते. बोट फुटलं की झाकते आणि कणीक ते मळतात.

लेकीच्या बारशाला मात्र मी कुणाचीही भीड ठेवली नाही. मोठ्यांना जो विषाणू चार दिवस छळतो, तो नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत, यकृतापर्यंत पोचून जीव घेऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं. म्हणून वाचणाऱ्यांना विनंती आहे: ओठावर फोड असेल तर बाळाचा मुका घेऊ नका. घरच्या बाळाला कुणी तसं जवळ घेत असेल, तर ती सासू असो की आत्याबाई, तिला तिथेच थांबवा.