रिक्सियाचं दुसरं नाव

हैदराबादचा पाऊस वर्षाला जेमतेम आठशे मिलिमीटर. त्यामुळे लिव्हरवर्ट, म्हणजे ओलाव्यात वाढणाऱ्या बिनफुलांच्या छोट्या वनस्पती, बघायच्या तर महाबळेश्वर गाठावं, असं आमचे विद्यार्थी धरूनच चालतात. तिकडची चैन खरीच आहे. प्लॅजिओकाझमाची छत्री थॅलसच्या, म्हणजे चपट्या हिरव्या अंगाच्या, पाठीवर मधल्या रेषेत उगवते, ॲस्टरेलाची टोकाशी, आणि तिच्याखाली चिरफाळलेली पांढरी झालर. टार्जिओनियाच्या टोकाखाली काळपट जांभळी दुपाखी शिंपली. नावाचा पहिला भाग उभ्याउभ्या सांगून होतो.

इथे अडीचशे कोटी वर्षं जुना ग्रॅनाइट, आणि त्याच्या खोबणीत साचलेल्या चिमूटभर मातीवर जुलै-ऑगस्टात उगवणारी रिक्सिया. रुपयाएवढं हिरवं चक्र, टोकाला दुभंगत जाणारे फाटे, फाट्यांवर मधोमध खाच. तिला ना छत्री, ना देठ. बीजाणूंची पिशवी थॅलसच्या आतच असते. थॅलस कुजला की बीजाणू मोकळे. म्हणजे जे बघायचं तेच पोटात.

मग गुडघे टेकायचे आणि दहापटीचं भिंग डोळ्याला लावायचं. खाच धारदार की पसरट? कडेला केस आहेत का? खालचे खवले जांभळे की बिनरंगी? एक फाटा सुकू द्यायचा आणि कडा वर दुमडतात का ते पाहायचं. ब्लेडने आडवा पातळ काप घेतला की रुंदी जाडीच्या किती पट ते कळतं. (गोवळकोंड्यात मात्र ब्लेड खिशातच राहतं, संरक्षित वास्तू आहे, तिथे फक्त भिंग.)

एवढं करूनही जातीचं नाव बहुधा लागत नाही, कारण ते बीजाणूच्या नक्षीवर ठरतं: जाळी कशी, कडेला पंख आहे की नाही. त्याला मायक्रोस्कोप हवा. म्हणून मैदानातलं खरं कसब नाव सांगण्यापेक्षा नमुना निवडण्यात आहे, असं माझं मत. नवखा हात हिरव्यागार टोकाकडे जातो. मी पिवळट पडलेला मागचा भाग धरते, जिथे काळे ठिपके दिसतात. पिकलेले बीजाणू तिथेच. शेजारचं चक्र वेगळ्या पाकिटात, कारण एकाच चटईत दोन जाती सर्रास मिसळलेल्या असतात. पाकीट कागदाचंच, प्लास्टिकमध्ये सगळं कुजतं.

मित्र फोनवर फोटो पाठवून जात विचारतात. मी ‘रिक्सिया’ एवढंच लिहिते. ते चिडतात. मग मी विचारते, काळे ठिपके होते का?