जगत्तुंग समुद्राची हद्द

इस्लापूरला पाहुणा आला की त्याची पावलं सहस्रकुंडाकडे वळतात. पैनगंगा तिथं काळ्या खडकांवरून खाली कोसळते, काठाला महादेवाचं देऊळ आहे, आणि आमच्याकडचा माणूस पाण्याचा आणि देवाचा हिशेब वेगवेगळा मांडत नाही. पाणी पाहिलं की दर्शन, दर्शन झालं की पुन्हा पाणी. जुनी जागा बघायची हीच रीत मला खरी वाटते. आमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला मात्र आपण ती सोडून दिली. कंधार म्हटलं की किल्ला दाखवायचा, जतनाचा विषय निघाला की त्याच्या बुरुजांबद्दल आणि महालांच्या पडक्या भिंतींबद्दल बोलायचं. माझं म्हणणं असं, की कंधारची मूळ वास्तू किल्ला नाही; ती तिथलं तळं आहे, आणि बाकी सगळं त्या तळ्याच्या आधारानं उभं राहिलं.

याला पुरावा दगडावरचा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (९३९–९६७) याच्या काळातल्या कंधारच्या शिलालेखात जगत्तुंग समुद्राचा, म्हणजे याच तळ्याचा, उल्लेख येतो, देवळांची नावं येतात, त्यांच्या खर्चाची तजवीजही येते. राजधानी मान्यखेटला, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला होती. तरी या राजाच्या बिरुदांत कंधारपुराचं नाव आहे. तळ्याला ‘समुद्र’ म्हणण्यामागे नुसता डौल नसावा. कंधारला सापडलेल्या क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे पाहून अभ्यासकांनी तिची उंची सुमारे ५० फूट धरली आहे. एवढं घडवणारी वस्ती, कारागीर, देवळं, बागा, यांतलं काहीही मराठवाड्याच्या उन्हाळ्यात साठवलेल्या पाण्यावाचून तगलं नसतं. पुढं राज्यं बदलली. निजामशाहीकडून हा किल्ला १६३१ मध्ये मोगलांकडे गेला. किल्ल्यात मशीद उभी राहिली, अरबी-फारसी लेख कोरले गेले. त्या प्रत्येक राज्याला तट, दरवाजे आणि महाल हवे तसे वाढवता आले. पाण्याशिवाय राहता मात्र कुणालाच आलं नाही. किल्ल्याभोवतीचा खंदकसुद्धा पाण्यानं भरलेला असेल तरच खंदक, नाहीतर तो एक मोठा चर.

यावर कुणी म्हणेल, तळं आजही शेतीच्या उपयोगाचं आहे, त्याला ‘स्मारक’ ठरवलं तर शेतकऱ्यालाच काठावरून हाकलाल. ही भीती रास्त आहे आणि ती मी झटकून टाकत नाही. जुन्या जागेला कुंपण घालून गावाला परकं करण्याचे प्रकार आपण पाहिले आहेत. पण तळं वाचलं ते वापरामुळेच. म्हणून इथं जतन म्हणजे गाळ काढणं, बांध धरून ठेवणं, वरून येणारे ओढे बुजू न देणं, आणि ही सगळी कामं शेतकऱ्याच्याही फायद्याची आहेत. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: शिलालेखातली बरीच देवळं आज दिसत नाहीत, मग उरलेला किल्ला तरी आधी सांभाळा. पैसा अपुरा असताना हे पटण्यासारखं वाटतं. पण भोपाळजवळचं भोजपूर आठवावं. राजा भोजाचं विशाल तळं पंधराव्या शतकात होशंगशाहानं बांध फोडून रिकामं केलं. शिवमंदिर उभं आहे, मात्र ज्या पाण्याकाठी ते उभारलं ते पाणीच गेल्यानं, त्या जागी एवढं मोठं देऊळ का, हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. कंधारला अजून ती पाळी आलेली नाही. बांध आहे, खंदक आहे, पाणी आहे, आणि तिन्हींचा संबंध डोळ्यांनी दिसतो. पडलेला बुरुज पुन्हा चढवता येईल. ओढ्यावर घरं चढली तर ती वाट पुन्हा मोकळी करणं कुणाच्या हातात राहत नाही. म्हणून कंधारच्या हद्दीची मोजणी किल्ल्याच्या दरवाजापासून नको, तळ्यात पाणी आणणाऱ्या ओढ्यांपासून सुरू व्हावी.