बोटभर ट्रक, त्यात ऊस

आमचा धाकटा पुण्यात नोकरीला. शेताकडे फिरकत नाही, पण घरी फळीवर छोटी रेल्वे मांडतो. कोथरूडला १९९८ साली उघडलेले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहिले, तेव्हापासूनचे हे वेड. माप खऱ्याच्या ८७वा हिस्सा. सतरा फुटी हौदा सहा सेंटिमीटरांत बसतो.

रुळांशेजारी उभा करायला त्याने पुठ्ठ्याचा ट्रक केला. सूनबाई म्हणाल्या, कांदे म्हणून मोहरी भरा. पण दोन मिलिमीटरची मोहरी ८७ पट केली की सतरा सेंटिमीटरचा कांदा होतो, म्हणजे भोपळाच! मी म्हटले, ऊस भर. बारा फुटी ऊस म्हणजे केरसुणीची ४२ मिलिमीटरची बारीक काडी.

त्याने काड्या आगपेटीतल्यासारख्या रचल्या. "अरे, ऊस असा बसतो होय? बुडखे उलटसुलट कर, मध्ये फुगवटा दे. मागचे पाटे दबलेले दाखव, नाहीतर ट्रक रिकामा वाटेल." त्याने हौदा मागे मिलिमीटरभर खाली घेतला. मग वहीच काढली: मोळीत ऊस किती, ती वाढ्यानेच का बांधतात? गाव सोडल्यापासून उसाबद्दल त्याने मला एवढे कधी विचारले नव्हते.

दोर तेवढा राहिलाय. त्याची आई म्हणते, शिलाईचा दोरा घ्या.